रिव्हिजन बदलायची की पार्ट नंबर?

भोसरी-चिंचवडकडच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन पल्सरचा मीटर मागा. काउंटरवरचा माणूस गाडीचा रंग विचारणार नाही, गाडी कधी घेतली तेही बहुधा विचारणार नाही. विचारेल, "यूजी कितवा?" यूजी म्हणजे अपग्रेड. २००१ साली आलेल्या बजाज पल्सरमध्ये कंपनी थोड्या थोड्या वर्षांनी बदल करत गेली. २००३ मध्ये डीटीएस-आय इंजिन आलं, २००६ च्या सुमारास डिजिटल मीटर आणि एलईडीचा टेल लॅम्प आला. टाकीवरचं नाव मात्र तेच राहिलं. मग मेकॅनिक, दुकानदार आणि हौशी पोरं यांनी यूजी टू, यूजी थ्री, यूजी फोर असे आकडे तोंडात घोळवले आणि ते रुळले. काट्याचा मीटर द्यायचा की डिजिटल, हे त्या एका आकड्यावर ठरतं. तो माहीत नसला तर गिऱ्हाईक घरी जाऊन परत येणार, डबा फोडलेला पार्ट परत घ्या म्हणणार आणि दुकानात वाद होणार.

सॉफ्टवेअरच्या व्हर्जन नंबरचं कामही नेमकं एवढंच. माझ्याकडे आत्ता जे आहे त्याच्या जागी हे नवीन बसेल का, एवढा प्रश्न त्याने सोडवायचा. नवीन रिलीझमध्ये किती मेहनत झाली, किती ओळी बदलल्या, टीम किती रात्री जागली, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. हिंजवडीपासून चाकणपर्यंत ज्या ज्या ऑफिसांत 'हे २.० म्हणायचं की १.९?' यावर मीटिंगा झडतात, तिथे बहुतेक वेळा हा मूळ प्रश्न बाजूला पडलेला असतो. एकाला आकडा मोठा हवा असतो, कारण कस्टमरला दाखवायचंय. दुसऱ्याला तो लहान हवा असतो, कारण मोठा आकडा पाहिला की कस्टमर पूर्ण टेस्टिंग पुन्हा मागतो. दोघांनाही आकडा स्वतःसाठी हवा असतो. ज्याला तो वापरायचाय तो माणूस त्या खोलीत बसलेलाच नसतो.

आकडा विक्रीसाठी लावला तर काय होतं, याचं उदाहरण पिंपरीतच घडलं. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. बुकिंगला झुंबड उडाली, पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही भरपूर आल्या. कंपनीने त्या मनावर घेतल्या, गाडीत आतून बरेच बदल केले आणि २००१ मध्ये 'इंडिका व्ही२' आणली. मागच्या दारावर चक्क व्हर्जन नंबर लावून विकलेली ही गाडी. सांगणं सरळ होतं: पहिलीबद्दल जे ऐकलंत ते विसरा, ही दुसरी आहे. विक्रीचा आकडा म्हणून तो फार चपखल होता आणि गाडी खपलीही जोरात.

पण पुढे काय झालं पाहा. व्ही२ राहिली ती राहिलीच. प्रदूषणाचे नियम बदलले, इंजिनं बदलली, डीएलएस-टर्बो असे शेपटीचे शब्द आले, मागच्या दारावर व्ही२ तेच. २००८ मध्ये खरोखर नव्या प्लॅटफॉर्मवरची गाडी आली तेव्हा तिला व्ही३ म्हणायला हवं होतं. तिचं नाव ठेवलं व्हिस्टा. विक्रीच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. लोकांना गाडीचं नाव आठवतं, आकडा आठवत नाही. पण स्पेअर देणाऱ्याला 'व्ही२' या दोन अक्षरांचा उपयोग पहिल्या एक-दोन वर्षांपुरताच झाला असेल. नंतर त्याला साल, इंजिन आणि चेसिस नंबर विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कारखान्याच्या आत मात्र दुसरीच शिस्त चालते, आणि ती सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी जुनी आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्याने कधी व्हेंडरकडे काम केलंय त्याला ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला तो छोटा तक्ता माहीत असतो: रिव्हिजन, तारीख, काय बदललं, कोणी मंजूर केलं. बदललेल्या मापाशेजारी एक लहान त्रिकोण आणि त्यात रिव्हिजनचं अक्षर. ए, बी, सी असं पुढे जायचं. पण अमेरिकी ड्रॉइंग मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वगळलेली असतात. आय हा १ या आकड्यासारखा दिसतो, ओ शून्यासारखा, झेड दोनसारखा. मळक्या हातांनी, अर्ध्या उजेडात, तेल लागलेल्या प्रिंटवर वाचलं जाणार हे धरूनच नियम केलेला आहे. नवी रिव्हिजन आली की जुन्या प्रती गोळा करून त्यांच्यावर 'ऑब्सोलीट'चा लाल शिक्का मारायचा. ऑडिटर आला की तो पहिल्यांदा मशीनवर टांगलेल्या ड्रॉइंगची रिव्हिजन बघतो.

या शिस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र त्या तक्त्यात दिसत नाही. तो असा. बदल झाल्यावर नवा पार्ट जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी बिनबोभाट बसत असेल, तेच काम तसंच करत असेल, तर फक्त रिव्हिजन वाढवा. बसत नसेल तर पार्ट नंबरच बदला. एक भोक अर्ध्या मिलीमीटरने सरकलं आणि जुना बोल्ट आता जात नाही, तर तो नवा पार्ट आहे, मग बाकी सगळं ड्रॉइंग तसंच्या तसं असलं तरी. उलट आतल्या बाजूचा सगळा कास्टिंगचा आकार बदलला, वजन कमी केलं, पण बसायच्या जागा आणि ताकद तीच राहिली, तर रिव्हिजन पुरते. स्टोअरमध्ये दोन्ही एकाच बिनमध्ये पडले तरी लाइन थांबणार नाही, ही कसोटी.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हाच नियम बऱ्याच उशिरा लिहून काढला. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली 'सिमॅंटिक व्हर्जनिंग' ही पद्धत आज सगळ्यात जास्त चालते, तिचा २.०.० हा मसुदा २०१३ चा. टिंबांनी जोडलेले तीन आकडे, समजा १.४.२. नुसती चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवायचा. काही नवीन दिलं पण जुनं सगळं तसंच चालतंय, तर मधला वाढवायचा आणि शेवटचा शून्य करायचा. जुन्याच्या भरवशावर ज्यांनी काही उभारलंय त्यांचं काही मोडणार असेल, तर पहिला वाढवायचा आणि पुढचे दोन्ही शून्य. पहिला आकडा म्हणजे आपला पार्ट नंबर. उरलेले दोन म्हणजे रिव्हिजन.

एक उदाहरण जवळून पाहू. गाडीच्या निदानाच्या ओबीडी मानकात इंजिनच्या कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. बाइटमध्ये १३० आले तर तापमान ९० अंश सेल्सिअस. शून्य आलं तर उणे ४०. समजा हे तापमान वाचून देणारं एक छोटं पॅकेज तुम्ही लिहिलंय, १.४.२. त्यात एक चूक राहून गेली: वजाबाकीचं उत्तर तुम्ही ऋण आकडे न मावणाऱ्या एका बाइटमध्ये ठेवलं. बाइट ३५ आला तर उत्तर उणे ५ यायला हवं, येतं २५१. पिंपरीत थंडीच्या पहाटेसुद्धा पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे इथल्या टेस्टिंगमध्ये ते कधी दिसलंच नाही. लेहमधल्या गाडीने सकाळी इंजिन सुरू होण्याआधीच 'ओव्हरहीट'चा दिवा लावला तेव्हा कळलं. दुरुस्ती केली: १.४.३. मग कोणीतरी बॅटरीचंही तापमान मागितलं, ते वेगळं दिलं, जुन्याला हात लावला नाही: १.५.० झालं. मग एकाने सुचवलं की अंश पूर्णांकात देण्याऐवजी अंशाचे दहावे भाग द्यावेत, ९० ऐवजी ९००, म्हणजे अचूकता येईल. बदल एका ओळीचा. पण ज्याच्या प्रोग्राममध्ये '११० च्या वर गेलं तर धोका' असं लिहिलंय, त्याचा दिवा आता कायमचा लागणार. हे २.०.०. ती एक ओळ लिहिणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा बदलाला दोन म्हणायचं? हो, म्हणायचं. आणि उद्या आतलं सगळं कोड दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिलं, महिने घातले, पण बाहेरून उत्तरं तीच आणि तशीच मिळाली, तर ते फार तर २.०.१. मेहनतीचं चीज व्हायला हवं असेल तर पगारवाढ मागावी, पहिला आकडा मागू नये.

या पद्धतीत आणखी दोन-तीन कलमं आहेत, तीही कारखान्यातून उचलल्यासारखी. एकदा बाहेर गेलेलं व्हर्जन पुन्हा बदलायचं नाही. १.४.३ पाठवल्यावर तासाभरात चूक दिसली, कोणी डाउनलोड केलं नसेल असं वाटून त्याच नावाने दुसरी फाइल चढवली, तर जगात दोन वेगवेगळी १.४.३ फिरतात आणि पुढचे सहा महिने 'माझ्याकडे चालतंय' हा संवाद ऐकावा लागतो. निमूट १.४.४ काढावं; आकडे फुकट आहेत. दुसरं, शून्याने सुरू होणारे आकडे. ०.७, ०.८ म्हणजे अजून काहीही बदलू शकतं, भरवसा धरू नका. प्रोटोटाइप टूलिंगवरचे पार्ट समजा. फक्त गंमत अशी की कित्येक पॅकेजं वर्षानुवर्षं ०.९ वर बसून हजारो ठिकाणी वापरात असतात आणि मालक म्हणतो, मी कुठे शब्द दिलाय? ही पळवाट आहे. लोक अवलंबून झाले की १.० म्हणून टाकावं. तिसरं म्हणजे हे टिंब दशांशचिन्ह नव्हे. १.९ च्या पुढे १.१० येतं, ते १.१ पेक्षा नऊ पावलं पुढे असतं. माणसं यात अडखळतात ते ठीक. पण प्रोग्रामही अडखळतात, आणि तो किस्सा विंडोजचा.

विंडोज ९५ चा खरा व्हर्जन नंबर ४.० होता. त्याआधीचं होतं ३.१०, म्हणजे मोठा आकडा ३ आणि लहान १०. बाजारातल्या बऱ्याच प्रोग्रामांनी 'किमान ३.१० हवं' हे तपासताना दोन आकडे सुटे सुटे तपासले होते: मोठा तीन किंवा जास्त आहे ना, आणि लहान दहा किंवा जास्त आहे ना. ४.० मध्ये लहान आकडा शून्य, म्हणजे नापास. नव्या विंडोजवर जुने प्रोग्राम 'विंडोज जुनं आहे' म्हणत चालायला नकार देऊ लागले असते. मायक्रोसॉफ्टने त्या जुन्या सोळा-बिट प्रोग्रामांना खोटंच सांगायचं ठरवलं: मी ३.९५ आहे. चूक दुसऱ्यांची, खोटं बोलली कंपनी, कारण गिऱ्हाइकाने शिव्या कंपनीलाच दिल्या असत्या. पुढे विंडोज ७ चा आतला नंबर ६.१ ठेवण्यामागेही हीच काळजी होती, मोठा आकडा हलवला की कोणाचं तरी मोडतं.

सगळेच हा नियम पाळत नाहीत, आणि काहींना न पाळण्याचा हक्क आहे. लिनक्सचा गाभा २.६.३९ वरून २०११ मध्ये एकदम ३.० झाला तो काही मोडलं म्हणून नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यांना आकडे फार लांब झालेत असं वाटलं, एवढंच. ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०, वीसच्या आसपास आलं की पान उलटायचं. हे त्यांना परवडतं, कारण त्यांनी आकड्यापेक्षा मोठा शब्द आधीच दिलेला आहे: गाभ्यावर चालणारे लोकांचे प्रोग्राम कधीच मोडायचे नाहीत. ज्याचा पार्ट नंबर कधी बदलतच नाही त्याने रिव्हिजनला काहीही म्हणावं. उबंटूचे आकडे साल आणि महिना सांगतात, पहिलं ४.१०, म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. २००६ मधलं रिलीझ दोन महिने लांबलं तर ते ६.०४ चं ६.०६ झालं. प्रामाणिक पद्धत, उशीर लपवायला जागाच नाही. गाड्यांच्या सॉफ्टवेअरची जागतिक चौकट असलेलं ऑटोसारही ४.४.० नंतर याच वाटेला लागलं. २०१९ च्या नोव्हेंबरचं रिलीझ आर१९-११. आणि डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची तर तऱ्हाच न्यारी: त्याचा व्हर्जन नंबर प्रत्येक दुरुस्तीबरोबर गणितातल्या पायच्या आणखी एक अंक जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आता यात मोठं काही घडणार नाही, फक्त बारीकसारीक, हे त्याहून सुंदर रीतीने सांगता येणार नाही. चाकणच्या गाडीत ही पद्धत कोणी आणू नये, एवढंच.

आता गाडीकडेच वळू. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर अशी कित्येक कंट्रोल युनिटं असतात आणि सर्व्हिस सेंटरमधला स्कॅनर जोडला की प्रत्येक युनिट आपला पत्ता सांगतं. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एफ१८९ या खणात गाडी बनवणाऱ्या कंपनीचा सॉफ्टवेअर व्हर्जन नंबर असतो आणि एफ१९५ मध्ये ते युनिट पुरवणाऱ्या सप्लायरचा. एकाच सॉफ्टवेअरला दोन आकडे कशासाठी, असं नवख्या इंजिनिअरला वाटतं. पण दोघांची गिऱ्हाइकं वेगळी असतात. सप्लायरचं तेच मूळ सॉफ्टवेअर तीन कंपन्यांना जातं. त्याला स्वतःची मोजणी हवी. गाडीच्या कंपनीला सप्लायरच्या घरात किती वेळा भांडी बदलली याच्याशी देणं-घेणं नाही; तिला हवंय की माझ्या अमुक गाडीत काय बसतं. हे दोन्ही आकडे एकच करण्याचा हट्ट मी पाहिलाय आणि तो दर वेळी त्याच जागी मोडतो: सप्लायर पहिल्या कस्टमरसाठी एक दुरुस्ती करतो आणि दुसऱ्या कस्टमरचा आकडा उगीचच वाढतो, मग तो विचारतो, माझ्या गाडीत काय बदललं?

असाच दुसरा घोळ व्हर्जन आणि व्हेरियंटचा. सीएनजीची गाडी, डिझेलची गाडी, निर्यातीची डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी, या एकाच वेळी शेजारी-शेजारी चालणाऱ्या गोष्टी आहेत. व्हर्जन हे काळाच्या रेषेवर पुढे जातं. '३ म्हणजे सीएनजी, ४ म्हणजे डिझेल' असं कोणीतरी सोय म्हणून ठरवतं आणि सीएनजीची मोठी सुधारणा आली की तिला चार म्हणता येत नाही. व्हेरियंटला वेगळं नाव द्यावं, आकड्यात कोंबू नये. आणि काळाच्या रेषेलाही फाटे फुटतात हे ध्यानात ठेवावं. २.० बाहेर पडून वर्ष झालं तरी रस्त्यावर १.४ वाल्या गाड्या आहेत, त्यांच्यासाठी १.४.७ आज निघू शकतं. तारखेने ते २.० च्या नंतरचं, आकड्याने आधीचं. दोन्ही खरं.

सॉफ्टवेअरचा आकडा एवढा महत्त्वाचा का, हे २०१५ ने दाखवलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं: डिझेल गाडीचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करत होतं. भारतात तपासणीचं काम पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे आलं. फोक्सवॅगनचा इथला कारखाना चाकणला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्या भारतीय शाखेने ईए १८९ जातीची डिझेल इंजिनं असलेल्या फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याची घोषणा केली. नैतिकतेचा भाग बाजूला ठेवून नुसता स्टोअरकीपरच्या नजरेने याकडे पाहा. तीन लाखांवर गाड्या, त्यातल्या काही दुरुस्त, काही नाही. बाहेरून दोन्ही सारख्या. इंजिन नंबर तोच, चेसिस नंबर तोच. एवढंच कशाला, युरोपात १.६ लिटरच्या इंजिनांना सॉफ्टवेअरबरोबर हवा मोजणाऱ्या सेन्सरपुढे प्लास्टिकची एक जाळीही बसवायची होती, आणि २.० लिटरच्या इंजिनांना फक्त सॉफ्टवेअर. कुठली गाडी कुठल्या अवस्थेत आहे हे सांगणारी खात्रीची जागा एकच: युनिटच्या आत लिहिलेला आकडा.

पण आकडा लिहिणारा खोटं लिहू शकतो, किंवा विसरू शकतो. कोड बदललं आणि आकडा वाढवायचं राहिलं, हे तर आठवड्याचं दुखणं. म्हणून ओबीडीच्या मानकात दोन गोष्टी जोडीने ठेवल्यात. एक कॅलिब्रेशनचं नाव, सोळा अक्षरांपर्यंत, माणसाने दिलेलं. दुसरा पडताळणीचा आकडा, युनिटने स्वतःच्या मेमरीतल्या मजकुरावरून गणित करून काढलेला. आत एक बाइट हलला तरी हा दुसरा आकडा बदलतो. कोणी रस्त्याकडेच्या गॅरेजात 'चिप ट्यून' करून घेतली आणि नाव तसंच ठेवलं, तर नाव गप्प बसतं, पडताळणीचा आकडा चुगली करतो. गिट वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. प्रत्येक बदलाला मिळणारा तो चाळीस अक्षरांचा लांबलचक ठसा याच कुळातला. तो माणसाला लक्षात राहत नाही आणि त्यावरून आधीचं-नंतरचंही कळत नाही, पण तो मजकुरातूनच निघालेला असतो. चांगल्या रिलीझमध्ये दोन्ही लागतात: शब्द देणारा आकडा आणि शब्द पाळला का ते दाखवणारा.

तरीही एक फट उरते, आणि ती बुजवायचा उपाय कोणाकडे नाही. समजा व्हेंडरच्या पिनचा व्यास ड्रॉइंगप्रमाणे १० मिलीमीटर, अधिक-उणे ०.०५. त्याचं जुनं मशीन नेहमी वरच्या बाजूला माप द्यायचं, १०.०३, १०.०४. असेंब्लीत ती पिन घट्ट बसायची आणि सगळे खूश. मग त्याने नवं मशीन आणलं, माप ९.९७ येऊ लागलं. ड्रॉइंगमध्ये बसतं, इन्स्पेक्शनमध्ये पास, रिव्हिजन बदलायचं कारणच नाही. लाइनवर मात्र गाडी खडखडते. कागदावर नसलेल्या मापावर कोणीतरी भरवसा ठेवला होता. सॉफ्टवेअरमध्ये हे रोज घडतं. यादी नेहमी अकारविल्हे यायची, तशी देण्याचं वचन कुठेच नव्हतं, पण कोणीतरी ते गृहीत धरलं. वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या प्रत्येक दिसणाऱ्या सवयीवर कोणी ना कोणी अवलंबून असतंच. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने हे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यामुळे 'फक्त चूक दुरुस्त केली' हा शब्द कितीही मनापासून दिला तरी कोणाचं तरी मोडणार. आकडा त्या वेळी हमी देत नाही, पण निदान संशय कुठून सुरू करायचा ते दाखवतो.

इथे मला कारखान्याचा एक कागद सॉफ्टवेअरपेक्षा शहाणा वाटतो. बदलाची नोटीस, जिला सगळे ईसीएन म्हणतात, तिच्यात काय बदललं याच्याइतकाच ठळक एक रकाना असतो: जुन्या मालाचं काय करायचं? संपेपर्यंत वापरा, रिवर्क करा, की भंगारात काढा. आणि कुठल्या चेसिस नंबरपासून नवा पार्ट लागू. सॉफ्टवेअरच्या रिलीझ नोटा वाचा. नव्या सोयींची लांबलचक यादी असते, आणि आधीचं वापरणाऱ्याने काय करावं यावर अवाक्षर नसतं. १.४.२ मध्ये सुरक्षेचं भोक आहे, ते भंगारात काढा. की ते ठीक आहे, सवडीने बदला? हा रकाना प्रत्येक रिलीझला सक्तीचा करायला काहीच हरकत नाही.

सरकारी नियमांनी हा रकाना एका बाजूने आणलाय. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२० मध्ये संमत झालेल्या १५६ क्रमांकाच्या नियमात गाडीच्या सॉफ्टवेअरला एक नवाच आकडा दिला. तो प्रोग्रामचा आकडा नाही. तो मंजुरीचा आहे. स्टिअरिंगचा एक नियम, ब्रेकचा दुसरा. त्या त्या नियमाखाली मंजुरी मिळताना गाडीत जे सॉफ्टवेअर होतं, त्या संचाला एक ओळख. नंतर शंभर अपडेट आले तरी मंजुरीला धक्का लागत नसेल तर ती ओळख तीच राहते. लागत असेल तर बदलते आणि पुन्हा दार ठोठवावं लागतं. भारतात याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक तयार झालं. या मानकांच्या समितीचं सचिवालय एआरएआयकडेच आहे. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत त्यामुळे गेल्या काही वर्षांत एक नवी जात जन्माला आली आहे, जी दिवसभर फक्त 'हा बदल कुठल्या आकड्याला लागू होतो' याचे तक्ते भरते. त्यांना कोणी हसू नये.

आणि आता गाड्या घरबसल्या, मोबाइलच्या नेटवर्कवरून अपडेट होऊ लागल्यावर आकडा नुसता वाचायचा राहिला नाही, तो कुलूप झाला. जुन्या व्हर्जनमधलं सुरक्षेचं भोक बुजवलं, पण कोणी मुद्दाम ते जुनं व्हर्जन पुन्हा घातलं तर भोक परत उघडं. म्हणून युनिटमधला बूटलोडर आत असलेल्यापेक्षा लहान आकड्याचं सॉफ्टवेअर घ्यायला नकार देतो. यात स्टोअरमध्ये पडलेल्या नव्या स्पेअर युनिटचा प्रश्न येतो, ज्यात दोन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर असतं; ते गाडीत बसवण्याआधी पुढे आणावं लागतं. उलट एखाद्या फसलेल्या अपडेटनंतर कंपनीलाच मागे जायचं असतं आणि कुलूप तिलाही आत घेत नाही. त्यामुळे अनुभवी मंडळी या कामासाठी माणसांना दाखवायचा टिंबांचा आकडा वापरत नाहीत. एक वेगळा, साधा, पूर्ण आकडा ठेवतात, १, २, ३, आणि तो फक्त भोक बुजवल्यावरच वाढवतात. १.४.३ वरून १.४.२ ला परत जाता येतं, कारण दोन्हींचा तो आकडा, समजा, सातच असतो. सहावर मात्र जाता येत नाही. तो आकडा कुठल्याही जाहिरातीत येत नाही, रिलीझ नोटेतही क्वचित. आणि १.९ मोठं की १.१० हा घोळ तिथे व्हायला जागाच उरत नाही.